पाळी बदलली

नातीचा गुडघा फुटला म्हणून सुनेने आज स्पिरिटची बाटली उघडली, आणि त्या वासावरून मुलाने पुन्हा तोच किस्सा काढला. मला राग येतो.

आमची मिल बंद पडली त्यानंतरची गोष्ट. इंदूरच्या सरकारी दवाखान्यात माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर भर दुपारी वॉर्डात मला मिलमधला माझा कापड विणायचा साचा चालताना दिसायला लागला. सलाईनची नळी म्हणजे तुटलेलं सूत वाटायचं आणि मी ती ओढून गाठ मारायला बघायचो. वॉर्डबॉय म्हणाला, "इसके हाथ बांधने पडेंगे."

बायकोने त्याला अडवलं. मला म्हणाली, "अहो, मिल बंद झाली. सोडा आता."

"पुढच्या पाळीचा बदलीवाला आल्याशिवाय साचा सोडू? पागल झालीस का?"

मग ती गोविंदला घेऊन आली. दुसऱ्या पाळीत माझ्याच साच्यावर यायचा तो. मिलबरोबर त्याचीही नोकरी गेलेली. "हट भिया, पाळी बदलली," तो म्हणाला. "किती सूत तोडून ठेवलंस रे." मी नळी त्याच्या हातात दिली आणि झोपलो.

मुलगा इथवरच सांगतो आणि सगळे हसतात. पुढचं मला बायकोने सांगितलेलं. मी मधूनमधून डोळे उघडून बघायचो. गोविंद संध्याकाळपर्यंत नळी धरून उभा होता. नर्सने स्टूल दिलं, ते त्याने पायाने सरकवलं.

"बसलो तर याला कळेल, सिस्टर. साच्यावर कोणी बसत नाही."