खासदारांचं द्वारदर्शन

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. माणूस काम घेऊन येतो, काम होत नाही, माणूस निघून जातो आणि किस्सा तेवढा मागे राहतो. आता एवढे झालेत, की मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "ए, भाऊंचा एखादा सांग ना!" सांगते. हसायचं तेवढं हसून घ्या.

भाऊ म्हणजे आमचे खासदार. पहिल्यांदाच निवडून आलेले. प्रचारात त्यांनी एकच गोष्ट जीव तोडून सांगितली: आपली केळी ट्रकमध्येच पिकून जाते, तिला दिल्लीपर्यंत रेल्वेचे डबे मिळवून देईन. त्या एका वाक्यावर भाळून मी एम.ए. झाल्या झाल्या यावलच्या ऑफिसात रुजू झाले. फोन आणि डायरी माझ्याकडे.

*

निकालाचा दुसरा दिवस. हार अजून सुकले नव्हते. एक काका आले, भाऊंसमोर खुर्ची ओढून बसले.

"सून माहेरी जाऊन बसली. धुळ्याला. तुम्ही फक्त एक फोन करा."

"काका, हा तुमच्या घरातला मामला. त्यात मी काय बोलू?" भाऊ म्हणाले.

काका ताडकन उठले. "देशाचे कायदे करायला निघाले, अन् धुळ्याहून एक सून आणता येत नाही!"

*

ऑफिसात खरी सत्ता नानांची. नाना म्हणजे भाऊंचे जुने कार्यकर्ते. पेपर कायम मागच्या पानावरून उघडतात, कारण निधनवार्ता तिथे असतात. आमच्या भागात कुणी गेलं की त्या घरी जाऊन दोन मिनिटं गप्प बसायचं, हात जोडून उठायचं. त्याला द्वारदर्शन म्हणतात. मग दिवसकार्याची गंधमुक्ती, म्हणजे गंध लावून सुतक संपवायचं; तिथेही हजेरी. लग्न चुकवलं तर लोक माफ करतील, दार चुकवलं तर तीन पिढ्या लक्षात ठेवतील!

एकदा मी डायरीत लिहिलं, 'रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी बैठक, सकाळी अकरा'. नानांनी ते खोडून तिथे एका मयताचं नाव लिहिलं.

मी भडकले. नाना चष्मा पुसत म्हणाले, "बाई, रेल्वे लेट झाली तरी येते. गेलेला माणूस लेट होत नाही."

*

त्या आठवड्यात एका दिवसात सात दारं झाली. भाऊ गाडीत भाषणाची टिपणं वाचायचे, गाव आलं की कागद सीटखाली सरकवायचे. सातवं गाव आलं तेव्हा त्यांचे डोळे मिटत होते. एका घरापुढे मंडप, खुर्च्या, टोप्या घातलेली माणसं. भाऊ उतरले, सतरंजीवर जाऊन बसले, मान खाली घातली. खासदारच गप्प म्हटल्यावर सगळा मंडप गप्प! स्पीकरसुद्धा कुणीतरी बंद केला.

दोन मिनिटांनी भाऊंनी शेजारच्या वयस्कर गृहस्थांचा हात हातात घेतला. "धीर धरा. आपल्या हातात काय असतं?"

ते गोंधळले. "अहो भाऊ, मुलगी चांगल्या घरी चालली. इतकं नका मनाला लावून घेऊ!"

साखरपुडा होता. मयताचं घर पुढच्या गल्लीत. आम्ही पेढे खाल्ले आणि तिकडे गेलो. तोंड पुसून.

*

परत येताना भाऊ म्हणाले, "नाना, मी निवडून कशासाठी आलो?"

"यासाठीच," नाना म्हणाले.

"आणि केळीचे डबे?"

"ते तुम्ही म्हटले होते भाऊ. लोकांनी फक्त टाळ्या वाजवल्या."

मला गाडीतून उतरून जावंसं वाटलं. पण सीटखालचे कागद उचलून नीट लावले आणि बसून राहिले.

*

अखेर दिल्लीहून निरोप आला. केळीच्या डब्यांवर लोकसभेत बोलायला भाऊंना तीन मिनिटं मिळाली होती. आणि नेमकी त्याच दिवशी पहूरला गंधमुक्ती! गेलेले आबा साधे नव्हते. स्वतःच्या ट्रॅक्टरवर भोंगा बांधून भाऊंचा प्रचार केलेला माणूस.

नाना म्हणाले, "दिल्लीला जा. अन् पुढचं तिकीट विसरा."

मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी बोलला नाहीत तर डबे विसरा."

भाऊंनी बॅग उचलली. "पहूरला तू जा," मला म्हणाले. "माझ्या वतीने बस."

त्या दिवशी मी पहूरला गेले. मंडप भरलेला. आबांच्या पत्नी, अक्का, मधोमध बसलेल्या. माहेर शिरपूरकडचं, बोली अजून तिकडची अहिराणीच. माझ्या मागे गाडीच्या दाराकडे बघून त्यांनी विचारलं, "भाऊ नही उनात?"

मंडपात कुजबुज सुरू झाली. एक जण मोठ्याने म्हणाला, "निवडून आले ना, आता कशाला येतील!"

माझा तोल गेला. फोन काढला, अर्ध्या तासापूर्वीचं भाषण लावलं आणि अक्कांच्या पुढ्यात धरलं. "बघा अक्का. आबांच्याच केळीसाठी बोलताहेत. देशासमोर!"

सगळे वाकून बघू लागले. भाऊ कागद हातात धरून उभे होते, बोलत होते. तीन मिनिटांनी व्हिडिओ संपला.

अक्कांनी पदराने स्क्रीन पुसली आणि म्हणाल्या, "परत लाव."

पुन्हा लावला. या वेळी त्या भाऊंकडे बघतच नव्हत्या. भाऊंच्या मागच्या बाकांवर बोट ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं,

"बाई, इतल्या खुर्च्या रिकाम्या शेतस. बाकीना बठ्ठा द्वारदर्शनले गयात का?"