लॅरिसाचा तळहात

मॅनिटोबातल्या आमच्या गावात हिवाळ्याला दोनच आधार, चर्च आणि कर्लिंगचा हॉल. बर्फावरून जड दगड सरकवायचा, त्याच्यापुढे झाडू घासत धावायचं, आणि खेळ संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजायचं. हा शेवटचा नियम कोणी मोडत नाही. नाटकं सोडून मी गावी परतले तोवर माझे गुडघे संपले होते, त्यामुळे मी काचेमागच्या बाकावर बसून बघते. आयुष्यभर रंगमंचावर मला लोकांनी बघितलं, आता बघायची पाळी माझी.

हॉलमधला बर्फ लॅरिसा सांभाळते. पाठीवर टाकी, हातात नळी. दगड नीट सरकावा म्हणून उलटी चालत ती बर्फावर कोमट पाण्याचे थेंब शिंपडते. प्रेक्षकांना पाठ न दाखवता मागे सरकायला मला किती वर्षं लागली होती, आणि ही पोरगी शिट्टी वाजवत तेच करते. भिंतीवर तापमान दाखवणारं मीटर आहे, पण ती हातमोजा काढून तळहात बर्फावर टेकवते.

"मीटरला काय कळतंय," म्हणते.

या जानेवारीत मात्र दगड अर्ध्यातच थांबू लागले. बर्फावर पांढुरकं दव धरायचं. आमची इर्मा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि अजून संघाची कप्तान, सलग तीन सामने हरली.

"लॅरिसा, बर्फावर मैदा सांडलास का गं?"

मी काचेतून पाहिलं तर त्या थंडीत ती बिनबाह्यांच्या बनियनवर उभी, चेहरा लाल, गुणांच्या पुठ्ठ्याने वारा घेतेय. माझी उत्सुकता म्हणजे जुना आजार. मी मागच्या खोलीत गेले.

"ताप आहे तुला?"

"ताप नाही, विल्मा. इंजेक्शनं चालू आहेत. रोज सकाळी मीच पोटात टोचून घेते." तिने दाराकडे पाहिलं. "बाळासाठी. माझ्या ग्रेगशिवाय कोणाला ठाऊक नाही."

"बाळासाठी इतकं तापायचं?"

"या इंजेक्शनांनी आधी अंडाशय झोपवतात. एरवी एखादं अंडं मध्येच निसटून जातं आणि सगळी मेहनत वाया. म्हणून आधी सगळी गप्प, मग एकदम सगळ्यांना हाक."

"मूल हवं म्हणून आधी बंद करायचं?" मला हे फारच आवडलं. "अगं, आम्ही हेच करायचो. पडदा उघडायच्या आधी सगळे दिवे घालवायचो. पुरता काळोख झाल्याशिवाय पहिला दिवा लागायचा नाही."

"काळोख नीट झालाच नाही तर?"

"तर थांबायचं."

"गेल्या वर्षी थांबवलंच," ती हळू म्हणाली. "तपासणीत गाठ दिसली, सगळं रद्द. या गुरुवारी विनिपेगला पुन्हा तपासणी आहे. तोवर माझं शरीर तुमच्या वयाचं."

ती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली, आणि मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. अंगाची लाही होत होती, म्हणून तिला बर्फ वितळतोय असं वाटायचं, आणि ती गार करायचं यंत्र रोज आणखी वाढवत होती; अति गार बर्फावर दव गोठून दगड अडत होते.

"विल्मा, तुमचा हात द्या."

त्या दिवसापासून बर्फाला माझा हात लागू लागला. ती मला धरून कडेपर्यंत न्यायची, मी वाकायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या भूमिकांमध्ये इतकी छोटी दुसरी नसेल, पण तालीम मी एकही चुकवली नाही.

इर्माने हे पाहिलं. लॅरिसाचा लाल चेहराही पाहिला.

"ही झळ मी ओळखते," ती म्हणाली. "माझी पाळी गेली तेव्हा मी भर हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवायचे. नवरा लोकरीची टोपी घालून झोपायचा, बिचारा. पण पोरी, तुला इतक्या लवकर?"

लॅरिसाने पुठ्ठा आणखी जोरात हलवला.

"बरं, नको सांगू. मानेवर ओला रुमाल ठेव. आणि दगड सरकू देत."

गुरुवारी संध्याकाळी इर्माचा संघ पुन्हा हरून बसला होता. बर्फ चांगला होता, म्हणून तिला दोष द्यायला कोणी सापडत नव्हतं. लॅरिसाची गाडी बाहेर थांबली. ती आत आली, कोट काढला, टाकी पाठीवर घेतली आणि उलटी चालत बर्फाची पूर्ण पट्टी शिंपडली. शिट्टी नव्हती. मी तिच्या खांद्यांवरून काही कळतंय का ते शोधत होते, कळलं नाही.

मग ती सरळ पेयांच्या टेबलाशी गेली आणि आमच्या सगळ्यांसाठी सफरचंदाचं गरम सायडर घेऊन आली.

इर्माने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या हॉलमध्ये कोण कोणाला पाजतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जिंकलीस?"

"एक डाव," लॅरिसा म्हणाली. "दोन्हीकडे सगळं गप्प आहे. गाठ नाही. सोमवारपासून जागं करायची औषधं."

"म्हणजे मोठा सामना बाकीच आहे."

"बाकी आहे. एका डावापुरतंच पाजतेय."

इर्माने पुढे विचारलं नाही; लॅरिसाच्या मानेवरचा ओला रुमाल तेवढा तिने स्वतः बदलला. लॅरिसा माझ्याकडे वळली आणि दंड पुढे केला. आम्ही बर्फाच्या कडेला गेलो. आधी तिने तळहात टेकवला.

"मला तर अजून गरमच लागतोय."

मी वाकले, हात ठेवला, आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"छान थंड आहे," मी म्हटलं. "यंत्रातलं काही हलवू नकोस."