खुर्ची कुणाच्या खाटेशी

ती गुरुवारी येते. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, पाठीवर तिच्याहून जड बॅग. परीक्षेला बसायचं तर वीस तास समाजसेवा करा, असा कॉलेजचा फतवा. आधी तिने मुलांना गणित शिकवून पाहिलं. मुलांनी तिच्या डोक्यावर मिरे वाटले. मग रक्तदान शिबिर. तिथे सुई बघून हीच आडवी झाली आणि रक्त द्यायला आलेला माणूस हिला वारा घालत बसला. शेवटी आमच्या वृद्धाश्रमात आली. इथलं काम एकच, खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसायचं. ते मात्र तिला छान जमतं. बडबड नाही, मोबाइल नाही, हात हातात घेऊन बसते.

पहिल्या गुरुवारी ती चार नंबरच्या मास्तरांजवळ बसली. शनिवारी मास्तर गेले. मग बेकरीवाली, रविवारी. ड्रायव्हरकाका तर त्याच संध्याकाळी. पुढे आणखी दोघं. आमच्या मंडळींनी तिचं नाव पाडलं ‘बोलावणं’. गुरुवारी दोन वाजले की व्हरांड्यातल्या गप्पा बंद. कुणी तोंडावर चादर ओढायचं, कुणाला नेमकी तेव्हाच संडासला लागायची. मी त्यांना हसायचे, पण पाय मीही पोटाशी घ्यायचे.

खरं काय ते मला ठाऊक होतं. माझी खाट दाराला लागून आणि कान अजून शाबूत. गुरुवारी सकाळी मोठ्या सिस्टर फेरी मारतात, प्रत्येकाच्या पायाची बोटं दाबतात, श्वास मोजतात आणि आयाला हळूच सांगतात, “खुर्ची सहा नंबरला लाव. एकटं जायला नको माणसाने.” बाई वाईट नाहीत. पोरीला मात्र त्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

आज दुपारी माझा डोळा लागला. उघडला तर ती माझ्या शेजारी.

सकाळी सिस्टर माझ्या पायाशी जरा जास्तच रेंगाळल्या होत्या. ओठांवर शिवी आली, ती गिळली, कारण पोरगी रडत होती.

“आजी, वीस तास संपले माझे. यापुढे कुठल्याच आजारी माणसाजवळ बसणार नाही मी.”

“का गं?”

“मी बसते तो माणूस मरतो. पाच जण झाले. आई घरी अंथरुणाला खिळलीय. मी तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही, दारातूनच ताट सरकवते. ती विचारते, रागावलीस का माझ्यावर?”

गप्प राहणं माझ्यापुरतं सोपं होतं. सांगायचं म्हणजे आपली पाळी आपल्याच तोंडाने सांगायची. पण ती आई दाराकडे डोळे लावून पडली असेल, हे मला सोसवेना. सगळं सांगितलं. बोटं, श्वास, सकाळची फेरी.

“तुझ्यामुळे कुणी जात नाही गं बाई. जाणाऱ्याजवळ तुला बसवतात.”

तिने डोळे पुसले. हसलीसुद्धा. मग हसू मावळलं आणि तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

“म्हणजे आज तुमच्याजवळ...”

“हो. मला भीती वाटतेय.” हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. “तू जा आईकडे.”

तिने फोन लावला. “आई, मला आज उशीर होईल. आणि आजपासून मी तुझ्याच खोलीत झोपणार आहे.”

फोन ठेवून तिने माझा हात धरला. तिची वेळ पाचला संपते. आता साडेसहा झालेत.