दोनशेचा कुर्ता

"छान आहे गं, कुठून घेतलास?" भिशीत मैत्रिणीने माझ्या कुर्त्याची बाही चाचपत विचारलं.

"रस्त्यावरून. दोनशेला," मी ऐटीत म्हणाले. स्वस्तातल्या कपड्याची किंमत सांगताना आपली मान जरा ताठच होते.

तेवढ्यात तिला बाहीवरची माझी हातशिलाई दिसली. "उसवला तर टाकून द्यायचा. दोनशेचाच तर आहे."

पहिल्याच धुण्यात तिथली मूळ शिवण सुटली होती. सुई ओवताना मनात आलं, इतक्या स्वस्तात शिवणाऱ्या बाईच्या हाती काय पडलं असेल? रस्त्यावरच्या ढिगापाशी माझे पाय अजूनही रेंगाळतात, पण घेतलेलं टाकवत नाही.

"सहावं वर्ष आहे याचं," मी आणखीच ताठ मानेने म्हणाले. "टाकून कसा देऊ? यात माझे फक्त दोनशे आहेत. बाकीचं शिवणाऱ्या बाईचं आहे."