सासूबाईंची पाळत

लग्न होऊन मी दौंडहून मांडवगण फराट्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की सासूबाई माझ्यावर पाळत ठेवतात. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले, की त्या काठी घेऊन दारात उभ्या. गोठ्यात शेण काढायला गेले, की त्यांनाही नेमकं तिथंच काम निघायचं. घरात रेंज नव्हती, म्हणून आईशी बोलायला बांधावर जायचे, तर तिथंही त्या मागोमाग हजर.

"माझं बोलणं ऐकतात गं," मी फोनवर कुजबुजले.

"तू काही बोलून तर नाही ना बसलीस?" आईनं उलट मलाच विचारलं.

नवऱ्याला विचारलं, तर "तिची सवयच हाय ती" म्हणून ते कंपनीच्या बसकडं निघाले. माझ्याकडं बघितलं मात्र नाही. तेव्हापासून मला घरातल्या प्रत्येकाचाच संशय येऊ लागला. माझ्याबद्दल यांच्या कानावर कुणी काही घातलंय का? कॉलेजातल्या एखाद्या मुलाशी नाव जोडलंय का?

मग एका सकाळी शेजारच्या रानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोखंडी पिंजरा उतरवताना माणसं दिसली. शेजारच्या मामींना विचारलं, "हा कशासाठी?"

त्या बघतच राहिल्या. "बिबट्यासाठी. तुमच्याच मागच्या उसात मादी हाय, पिलांसंगट. तुझ्या लग्नाआधी तुमचं कुत्रं तिनंच नेलं की. तुला घरात सांगितलं न्हाई व्हय?"

मी तशीच घरात आले. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"आत्या, उसात बिबट्या आहे, हे मला का नाही सांगितलं?"

त्यांचा हात परातीतच थांबला. "सांगितलं असतं तर आली असतीस? बिबट्यापायीच दोन ठिकाणच्यांनी पोरगी दिली न्हाई आमाला."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर वाटलं, माघारी जाशील." मग खालमानेनं म्हणाल्या, "म्हणून तर मागं मागं यायचे. तुला एकटीला कवा सोडली न्हाई."

मला रडू आलं आणि रागही. मी फोनवर बोलायचे तेव्हा ही बाई उसाकडं तोंड करून उभी राहायची, गुडघे दुखत असताना. पण माझ्या आईवडिलांसमोर बसून सगळं गोड बोलली, ती हीच.

"अजून काय लपवलंय?"

"काय न्हाई गं."

माझा विश्वास बसला नाही. बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पिंजरा रिकामाच राहिला. त्यांनी माझ्या मागं येणं मात्र चुकवलं नाही.

पुढं धाकट्या दिराचं लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलीकडची माणसं घर बघायला आली. चहा झाला, शेतीचं बोलणं झालं. आता सासूबाई काय करतात, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "बाकी काही अडचण न्हाई ना?"

दीर घाईघाईनं म्हणाला, "न्हाई, न्हाई."

"हाय," सासूबाई म्हणाल्या. "उसात बिबट्या हाय. आधीच सांगते."

दिराचा चेहरा पडला. मुलीच्या वडिलांनी वळून खिडकीबाहेर बघितलं. पाहुणे उठू नयेत म्हणून मी परत चहा टाकला.