दोरी ओढली की बस थांबते

अमेरिकेतली आमची पहिली बस आमच्यासमोरून न थांबता निघून गेली. चूक बसची नव्हती. स्टॉपच्या खांबापासून थोड्या अंतरावर झाडाखाली एक बाक होता आणि ऊन चांगलंच लागत होतं, म्हणून मीच बायकोला म्हटलं, "शुभा, इथं सावलीत बसू. बस आली की उठू." बस आली. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत ड्रायव्हरला खांबापाशी कुणीच दिसलं नाही, आणि ती गेली.

"आपल्याकडे निदान हात केला की एसटी थांबते," शुभा म्हणाली. "तुम्ही तर टोपी नीट करत बसलात."

मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. कराडच्या कितीतरी पिढ्यांना मी जगाचे नकाशे काढायला लावले. पण खुद्द कराडमध्ये कुठं जायचं झालं, तर शुभा स्कूटी चालवते आणि मी मागे पिशव्या धरून बसतो. मंडई, बँक, तिची भिशी, कुणाचं डोहाळजेवण, सगळीकडे ती स्वतः जाते. सकाळी बाहेर पडलेली ही बाई वाटेत चार जणींशी बोलून, दोघींशी भांडून परत येते आणि मग तिला जेवण जातं.

अशा बाईला घेऊन मी बॉथेलला आलो होतो. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला हे गाव आहे. आमची मुलगी प्राची आणि जावई नितीन दोघंही तिथं सॉफ्टवेअरमध्ये. नुकतीच आम्हाला नात झाली होती, ईरा. सहा महिने राहायचं ठरलं होतं. गाव देखणं. घरामागं उंचच उंच सूचिपर्णी झाडं आणि समोर स्वच्छ फुटपाथ, ज्यावर एक कुत्रा आणि त्याची मालकीण सोडून कुणी दिसत नाही. दूध हवं तर मोटार, कोथिंबीर हवी तर मोटार.

"प्राची, जरा दुकानापर्यंत नेतेस?"

"आई, आज बॅक टु बॅक मीटिंग आहेत गं. नितीन आला की ड्राइव्ह करेल ना."

नितीन दमून यायचा आणि बिचारा न्यायचाही. पण न्यायचा म्हणजे नेऊन परत आणायचा. तिसऱ्या आठवड्यात शुभा खिडकीशी जास्त बसायला लागली. दुसरा महिना लागला तसं एका रात्री जेवताना ती म्हणाली, "प्राची, माझं तिकीट अलीकडचं करून घे. बाबांना राहू दे ईरासाठी."

"आई, माझं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही गं. पण इथं मला पाय नाहीत. कुणी उचलून नेलं तर जायचं."

प्राची ताट घेऊन उठली आणि बराच वेळ नळ सोडून सिंकपाशी उभी राहिली. मग वळून न बघताच म्हणाली, "रविवारी बदलते तिकीट."

ईरा माझ्या मांडीवर होती. तिनं माझं बोट मुठीत धरलं होतं. मला एकट्याला राहायला सांगणं म्हणजे सायकलला एकच चाक ठेवण्यासारखं होतं. शिवाय प्राचीचा चेहरा पाहवेना. म्हणून शुक्रवारी मी जाहीर केलं, "शुभा, आज आपण मोटारीशिवाय समुद्रापर्यंत जाऊन येऊ. बस, मग रेल्वे, मग बोट. मी सगळा नकाशा पाठ केलाय."

"तुम्ही?" ती म्हणाली. पण चप्पल तिनं माझ्याआधी घातली होती.

दुसरी बस आली तेव्हा आम्ही खांबाला जवळजवळ मिठी मारून उभे होतो. दार उघडलं आणि बसनं सुस्कारा सोडला. शुभाच्या गुडघ्यांकडे पाहून ड्रायव्हरबाईनं कसलंसं बटण दाबलं आणि बसची दाराकडची बाजू फुटपाथपर्यंत खाली आली.

"अहो, ही वाकून नमस्कार करतेय!" शुभा म्हणाली आणि पदर सावरून आत चढली.

प्राचीनं दिलेली तिकिटाची कार्डं मी यंत्राला उलटी लावली, मग सुलटी लावली, मग ड्रायव्हरबाईनं दाखवलं तिथं लावली. रस्ता वॉशिंग्टन सरोवराच्या कडेनं जात होता. झाडांच्या फटींतून पाणी चमकत होतं आणि मी त्याची माहिती सांगायला सुरुवात केली होती. शुभाचं लक्ष नव्हतं. ती खिडकीवरून लांबलचक ताणलेल्या पिवळ्या दोरीकडे बघत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर करून ती ओढली, 'टिंग' झालं, आणि पुढच्या स्टॉपवर बस थांबली. मुलगी उतरता उतरता ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणाली. तिच्यामागून उतरलेला धिप्पाड माणूसही म्हणाला.

"कंडक्टर नाही?"

"नाही. ज्याला उतरायचंय त्यानंच दोरी ओढायची."

"कुणीही?"

"कुणीही."

आपल्याकडे एसटीत कंडक्टरच्या घंटीची दोरी डोक्यावरून जाते, पण तिला हात लावायची कुणाची छाती नसते. शुभानं त्या पिवळ्या दोरीला दोन बोटं नुसती लावून पाहिली.

"ओढू नकोस. आपल्याला शेवटी उतरायचंय," मी म्हटलं.

"माहितीये."

पुढे रेल्वेचं स्टेशन जमिनीखाली खोल. सरकत्या जिन्यानं उतरताना माझी दिशा कुठंतरी वरच राहिली. मी आत्मविश्वासानं आलेल्या गाडीत चढलो, शुभाला खिडकी दिली आणि आता शहर कसं येईल ते सांगू लागलो. गाडी बोगद्यातून बाहेर आली.

"अहो, आपल्याला दक्षिणेला जायचंय ना?"

"अर्थात."

"मग सकाळचं ऊन उजवीकडून कसं येतंय?"

समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरानं कानातली बटणं काढून आमच्याकडे पाहिलं. बहुधा माझा चेहरा कुठल्याही भाषेत वाचता येत होता. त्यानं बोटानं उलटी दिशा दाखवली. आम्ही बॉथेलच्याच बाजूला परत निघालो होतो. पुढच्या स्टेशनावर उतरून, फलाट बदलून आम्ही पुन्हा निघालो तेव्हा शुभा इतकी हसत होती की तिला डोळे पुसावे लागले. खूप दिवसांनी हसली होती. मी भूगोलाचा अपमान गिळला.

शहरात उतरलो आणि उताराच्या रस्त्यानं धक्क्यावर आलो. तिथली फेरी (पोटात मोटारी आणि वर माणसं घेऊन पलीकडच्या बेटावर जाणारी मोठी बोट) आम्हाला मिळाली, हा त्या दिवसातला माझा एकमेव विजय. वरच्या दालनात खिडक्यांशी टेबलं होती. एका टेबलावर कुणीतरी अर्धवट लावलेलं चित्रकोडं (तुकडे जुळवून पुरं करायचं चित्र) पसरलेलं. लाल जाकीट घातलेल्या एक आजीबाई त्यात डोकं घालून बसल्या होत्या. ही कोडी बोटीवरच असतात, येणारा-जाणारा दोन तुकडे लावून उतरून जातो, असं त्यांनी सांगितलं.

"आय सीट?" शुभानं विचारलं. आजीबाईंनी जाकीट आवरून जागा केली.

मी डब्यातले धपाटे काढले. आजीबाईंनी एक घेतला, तिखटानं डोळे मोठे केले आणि तरी दुसरा मागितला. मग खिडकीबाहेर हात करून म्हणाल्या, "आज डोंगर बाहेर आलाय." इथले लोक असंच म्हणतात. ढगांत दडलेला बर्फाचा तो प्रचंड डोंगर दिसला, की जणू तोच फिरायला बाहेर पडलाय. पाण्यापलीकडे, शहराच्या वर, तो खरोखरच उभा होता. पायथा धुक्यात, त्यामुळे नुसता वर तरंगणारा.

"तुम्ही इथंच राहता?" आजीबाईंनी शुभाला विचारलं.

"नो, नो. डॉटर हाउस."

आजीबाई हसल्या. "माझी नजर अधू झाली तशी माझ्या मुलीनं मोटारीची किल्ली काढून घेतली," त्या म्हणाल्या आणि मी शुभाला मराठीत सांगत गेलो. "मी महिनाभर खिडकीशी बसून रडले. मग चिडून एक दिवस बस पकडली. आता मी कुठं असते ते मुलीला कळतच नाही."

शेवटचं वाक्य मी सांगायच्या आधीच शुभा हसली. तिनं टेबलावरचा एक निळा तुकडा उचलला, दोनदा फिरवला आणि आभाळात बसवला.

बेटावर आम्ही किनाऱ्यानं थोडं चाललो, आइस्क्रीम खाल्लं आणि परत फिरलो. तिकिटाचा विषय काढायचं मी शंभर वेळा मनात आणलं आणि एकदाही काढला नाही. परतताना ऊन कुठल्या बाजूला आहे ते शुभानं स्टेशनात उतरण्याआधीच बघून घेतलं. बसमध्ये मला झोप लागली.

'टिंग' झालं आणि मी दचकून जागा झालो. शुभाचा हात वर होता.

"अगं, अजून घर लांब आहे!"

"घर लांब आहे, पण ते बघा आपल्या भारतीय सामानाचं दुकान. मागच्या आठवड्यात नितीननं आपल्याला आणलं होतं तेच. कोथिंबीर घेऊ, मग पुढच्या बसनं जाऊ."

ती एवढी मोठी बस, तिच्यातली सगळी माणसं, माझ्या बायकोच्या कोथिंबिरीसाठी थांबली. आणि दारात शुभा वळून मोठ्यांदा म्हणाली, "थँक्यू!"

घरी पोहोचलो तर प्राची ईराला खांद्यावर घेऊन दारातच. "आई, कुठं होतात यार? किती टेन्शन आलं मला! फोन तरी करायचा ना, मी पिक अप केलं असतं."

"म्हणून तर नाही केला," शुभा म्हणाली. मग जुड्या ओट्यावर ठेवून पदर खोचत, "ते तिकीट आहे तसंच राहू दे. आणि सोमवारी मला मेथी आणायला जायचंय. बाबा ईराला सांभाळतील."

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मग ईराला माझ्या हातात देऊन ती आईच्या गळ्यात पडली.

पुढचे सगळे दिवस मी बॉथेल खिडकीतून पाहिलं. ईराचं दूध, ईराचे लंगोट आणि मी. शुभा मात्र फिरत होती. ग्रंथालयातली कोरियन आजी, शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारातला मधवाला, बसची ती ड्रायव्हरबाई, या सगळ्यांच्या बातम्या मला संध्याकाळी चहाबरोबर मिळायच्या. सहा महिने संपले तेव्हा विमानतळावर नितीनच्या मोटारीनं जावं लागलं, याचंच तिला वाईट वाटलं.

कराडला आल्यावर लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंत? मी डोंगराबद्दल सांगू लागतो. शुभा एका शब्दात सांगते, "बस."

परवा साताऱ्याहून एक लग्न आटपून एसटीनं येत होतो. आमच्या कॉलनीचा फाटा स्टँडच्या अलीकडे लागतो. तिथं गाडी थांबवायला कंडक्टरची मनधरणी करावी लागते. मी ती करायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात घंटी वाजली आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी वर पाहिलं. शुभाचा हात दोरीवर होता.

"ओ काकू!" मागून कंडक्टर ओरडला. "दोरीला हात कशाला लावला?"

"उतरायचंय."

"मग मला सांगायचं की!"

"तेच तर नको होतं," असं म्हणत शुभा दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "थँक्यू हं, ड्रायव्हरदादा."

ड्रायव्हरनं कंडक्टरकडे पाहिलं, कंडक्टरनं माझ्याकडे. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी नुसती मान हलवली आणि तिच्यामागून उतरलो.