पालथ्या डब्यावरचा डॉक्टर

पेणचा गणपती माझा हात लागल्याबिगर कारखान्याबाहेर पडत नाय. हात लागतो तो पाठीला, कारण पुढून घासायला मालक मला देत नाय. त्या दिवशी पण पाठच घासत होतो आणि रोह्यावरून फोन आला... सुहास गेला. झोपेतच. मी फोन ठेवला आणि तीच पाठ परत घासायला घेतली. दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढं तो शिकत गेला, मी गुरुजींची सुटका केली. रोह्याला कॉलेजात शिकवता शिकवता त्यानं पीएचडी धरली. विषय काय, तर देशोदेशीच्या पीएचडी करणाऱ्या पोरांना 'आपल्याला हे जमेल' असं कितपत वाटतं. सुट्टीला पेणला यायचा, कारखान्यात रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून मला सांगायचा. कुठल्या देशाची पोरं पहिल्याच वर्षी छाती काढून बोलतात, आपली शेवटच्या वर्षी पण म्हणतात, सर सांगतील तसं.

"मंग ती जास्त हुशार?"

"नाय रे बाळ्या. वाटणं वेगळं, येणं वेगळं."

"मला विचार. दहापैकी दहा वाटतं."

"तुझा देशच वेगळा हाय," म्हणाला.

आणि त्याला स्वतःला किती वाटायचं? पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला मुंबईला निघालेला हा माणूस पेणला एसटीतून उतरला आणि डब्यावर येऊन बसला. शर्ट घामानं भिजलेला. "मी नाय जात. बाहेरचे सर विचारतील आणि माझी वाचाच बसेल. इतकी वर्षं फुकट." वहिनींचा फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. पुढची गाडी सुटली की संपलं सगळं. मी म्हटलं, "मलाच सांग सगळं, एकदा. मंग जा, नायतर नको जाऊ."

तो उभा राहिला. समोर डोळे आखायचे बाकी असलेले गणपती, आणि मी. पहिल्यांदा अडखळला... थांबला... मंग जो सुटला! मी भलत्याच जागी "व्हय व्हय" करत होतो आणि त्या नादात हातातल्या गणपतीचा कान मागून घासून घासून सपाट केला.

मालक ओरडला, "बाळ्या, कान कुठाय?"

सुहास हसत हसतच गाडीकडं पळाला. संध्याकाळी फोन आला, "झालं रे. एकदा पण अडखळलो नाय."

डॉक्टर म्हणून वर्षभर पण मिरवला नाय तो...

आता त्या डब्यावर मी कुणाला बसू देत नाय, मालकाला पण नाय. परवा वहिनी आल्या. त्यांना छाती काढून म्हटलं, "इथंच डॉक्टर झाला तो. मला समजावून सांगायचा. म्हणजे मला कायतरी कळतं, असं वाटत असणार त्याला."

वहिनींनी डब्यावरची पांढरी धूळ पदरानं पुसली. मी अडवायच्या आत बसल्या पण.

"तुम्हाला काय कळत नाय म्हणूनच यायचे ते, भावजी. कळणाऱ्यांची भीती वाटायची त्यांना."